आखूड वाकळ

१

पेडण्याच्या बाजारात गोकुळदासबाबांच्या कापडदुकानात मीटरपट्टी होती, पण ती सरकारी माणसाला दाखवण्यापुरती. खरं माप त्यांच्या डोळ्यांत. गिऱ्हाईक उंबरठ्यावर चपला काढेपर्यंत त्याच्या सदऱ्याचं नि लेंग्याचं कापड त्यांनी मनात मोजलेलं असायचं. हरमलला खोली घेऊन राहिलेला एक ताडमाड गोरा एकदा लुंगी मागायला आला. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. गोकुळदासबाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काढलेली लुंगी परत फळीवर ठेवली आणि त्याच्या हातात पलंगपोस दिला. गोऱ्याने तो तिथेच गुंडाळला. बरोबर घोट्यावर बसला. ही गोष्ट ते दर गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक हसत असतानाच त्याच्या गळ्यात एखादा वार जास्त घालत.

शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शहाणपण गल्ल्यावर बसून कमावलेलं, थोडं बापाकडून आलेलं. बापाने घालून दिलेला एक नेम मात्र ते कधी मोडत नसत. इतर दुकानदार कापडाला टिचकीएवढी चीर देतात आणि हाताने टरकन फाडतात. गोकुळदासबाबांकडे तसं नाही. जित्या माणसाचं कापड कातरीने कापायचं; फाडायचं ते फक्त मढ्याचं. त्यामुळे त्यांच्या दुकानातून टर्र असा आवाज आला की सगळ्या बाजाराला कळायचं. समोरचा किराणावाला कृष्णनाथ मान बाहेर काढून विचारायचा, "कोण गेलो रे?"

घर दुकानाच्या मागेच. बायको भाग्यलक्ष्मी, आणि उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, सिद्धी. तिसरीतली पोर, पण शेवग्याच्या शेंगेसारखी उंच. कुठलंही पांघरूण तिला पुरत नसे. पहाटे उठलं की गोकुळदासबाबांचं पहिलं काम ठरलेलं. तिचे पाय बाहेर आलेले असायचे. डाव्या टाचेवर तुळशीच्या लग्नात फुलबाजीच्या तारेवर पाय पडून उठलेला कोयरीसारखा डाग. ती झोपेतच म्हणायची, "पप्पा, पांय धांप." ते चादर ओढून पाय झाकायचे. मग ती "हं" करायची, अगदी लहान, पोट भरल्यासारखं. तो "हं" ऐकल्यावरच ते दुकान उघडायला जात.

२

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची हिवाळ्यातली गोष्ट. भाषेच्या भांडणात गावातल्या महिला मंडळाचे दोन तुकडे झाले होते. मराठीवाल्या एकीकडे, कोकणीवाल्या दुसरीकडे, हळदीकुंकूसुद्धा वेगवेगळं. गंमत ही, की दोन्हीकडच्या भांडायच्या एकाच बोलीत.

त्यांना पुन्हा एकत्र बसवलं गोकुळदासबाबांनी. मोप्याच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, तेव्हा जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी होत्या. बेळगाव, कोल्हापूरकडचे कामगार बायकापोरं घेऊन तिथे पत्र्याच्या खोपी घालून राहत. मुकादम निवृत्तीला गोणपाटाचे गठ्ठे पोचवायला गेले असताना गोकुळदासबाबांनी बघितलं: सड्यावर वारा असा की उभ्या माणसाचं धोतर सुटावं, आणि पोरं सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या पांघरून निजलेली.

घरी येऊन ते म्हणाले, "कटपीस माझे, दोरा माझा, हात तुमचे. वाकळी शिवूया."

"पुण्य लागेल हो," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"आणि गोदामही साफ होईल," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, निदान घरात.

मग रोज दुपारी दुकानामागच्या खोलीत बायका जमू लागल्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, वर रंगीत तुकडे जोडून, धावदोऱ्याने शिवलेली गोधडी. एका टोकाला मराठीवाली, दुसऱ्या टोकाला कोकणीवाली, आणि मध्ये सुई. तोंड मिटून वाकळ शिवता येत नाही; आठवड्याभरात भांडण विसरून सगळ्या तिसरीचीच निंदा करू लागल्या. म्हातारी शेवंतीमावशी सगळ्यांत पुढे.

बाजाराच्या दिवशी निवृत्ती ट्रकमधून पोरं घेऊन आला. एकेक पोर गोकुळदासबाबांसमोर उभं राही, ते नुसतं बघून लांबी सांगत, भाग्यलक्ष्मी कातरीने अस्तर कापी. पोरं गूळशेंगदाणे घेऊन पळाली. भिंतीपाशी एक बाई तेवढी एकटी उभी राहिली. खानापूरकडची, नाव रंजना. हात चिऱ्याच्या लाल धुळीने कोपरापर्यंत रंगलेले.

"तुझें भुरगें खंय गो?" शेवंतीमावशीने विचारलं.

"माझं पोर व्हय? खोपीत हाय. निजलंय."

"उठवून आणायचं होतंस," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"उठत न्हाई जी ते."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. भाग्यलक्ष्मी चहाचं आधण बघायला आत गेली.

"न बघता माप कसं घेऊ?" गोकुळदासबाब म्हणाले. "आहे तरी केवढं?"

रंजनाने खोलीभर नजर फिरवली. सिद्धी ताग्यांच्या ढिगावर बसून पाय हलवत होती.

"एवढंच," रंजना म्हणाली. "अगदी एवढंच. पर माप निजल्यालं घ्या जी. ते निजूनच असतंया."

सिद्धीला काय, खेळच. उडी मारून ती अंथरलेल्या अस्तरावर उताणी पडली, हात अंगालगत सरळ, डोळे गच्च मिटलेले. गोकुळदासबाबांनी शिंप्याचा खडू घेतला.

शेवंतीमावशीने सुई खाली ठेवली. "गोकुळा, जित्या भुरग्याचं माप आडवं घालून घेऊ नये मरे."

"का गो, मावशे?"

"म्हाका कितें खबर? आमची आजी म्हणायची."

"तुझी आजी मोटारीत बसू नये असंही म्हणायची. तू तर म्हापशाहून टॅक्सीने येतेस."

बायका हसल्या. गोकुळदासबाबांनी सिद्धीच्या डोक्यावर एक रेघ ओढली, पायांखाली एक. हात कातरीकडे गेला. कातर तिथे नव्हती, भाग्यलक्ष्मीबरोबर चुलीकडे गेली होती. आणि आडव्या माणसाच्या मापाचं कापड पुढ्यात आलं की काय करायचं, हे त्या हाताला आयुष्यभर एकच ठाऊक. डोकं हसण्यात होतं. हाताने आपलं काम केलं.

टर्र.

रस्त्यापलीकडून कृष्णनाथची हाक आली, "गोकुळदासबाब! कोण गेलो रे?"

"कोणी नाही रे! वाकळ शिवतात!" गोकुळदासबाब ओरडले. सिद्धी डोळे उघडून खिदळली, मग बायकाही हसल्या. शेवंतीमावशी मात्र आपली सुई उचलून दुसऱ्या वाकळीवर जाऊन बसली. रंजना फाटलेल्या काठावरून बोट फिरवत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मनासारखा सौदा झालेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असतं.

३

वाकळी वाटून झाल्यावर थोड्याच दिवसांनी, एका पहाटे गोकुळदासबाबांचा हात सवयीने सिद्धीच्या पायांकडे गेला, आणि पाय मिळाले नाहीत.

पाय चादरीच्या आत होते. शिवाय चादर टाचांखाली दुमडून उरली होती.

थंडी आहे, आखडून निजली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. कंदील जवळ धरून बघितलं. पोर सरळ निजली होती, बाणासारखी. मग चादर बदलली असेल. चादर तीच होती; कोपऱ्यातलं जळकं भोक त्यांच्या ओळखीचं. झाकायला काही नव्हतं, म्हणून "हं"ही आला नाही. तो न ऐकताच ते दुकान उघडायला गेले.

त्याच आठवड्यात रंजना दुकानात आली. वाकळ घडी करून डोक्यावर घेतलेली.

"शेटजी, आखूड पडतीया. पाय उघडं ऱ्हात्यात पोराचं."

"आखूड? माझं माप?" गोकुळदासबाबांना राग आला, खरं तर हसू यायला हवं होतं. "धुतलीस का? अस्तर कोरं आहे. कापड आटतं."

"न्हाई जी धुतली."

"दवाने आटली असेल मग." त्यांनी सिद्धीच्या गणेशचवथीच्या फ्रॉकमधून उरलेली केशरी पट्टी काढून दिली. भाग्यलक्ष्मीने ती पायाकडच्या बाजूला जोडली. वाकळ घेऊन रंजना त्यांच्या पायांवर डोकं ठेवून गेली. पायांवर लाल धूळ राहिली, ती धुताना बरीच घासावी लागली.

४

सकाळी पाव विकणारा पोदेर हॉर्न वाजवत यायचा आणि गोल उंड्यांची पिशवी खिडकीच्या, जनेलाच्या कडीला अडकवून जायचा. ती काढायचं काम सिद्धीचं. नुसता हात वर केला की पिशवी खाली.

आता सकाळी एक नवा आवाज येऊ लागला. खर्र... खर्र... लाकडी स्टूल जमिनीवरून ओढत नेल्याचा. पहिल्या दिवशी गोकुळदासबाबांना तो आवाज कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी ते उठून आत गेले. सिद्धी स्टुलावर चढून पिशवी काढत होती.

"स्टूल कशाला गो?"

"पोचत नाही, पप्पा."

"काल-परवापर्यंत पोचायचीस ती?"

ती विचारात पडली. "पोदेराने कडी वर केली," असं म्हणाली, आणि उंडा कुरतडत निघून गेली.

कडी होती तिथेच होती. तिच्याभोवतीचा जुना हिरवा रंगसुद्धा उडालेला नव्हता.

माणूस आपली समजूत कशी घालतो, ते व्यापाऱ्याकडून शिकावं. गोकुळदासबाबांनी कडीला दोष दिला, मग स्वतःच्या डोळ्यांना. चाळिशी उलटली, चष्मा लागला असेल. पण गिऱ्हाइकांची मापं चुकत नव्हती. चुकत होतं ते एकच. सिद्धी शाळेला निघाली की तिच्या गणवेशाच्या काठाकडे त्यांची नजर जाई. जूनमध्ये तो काठ गुडघ्याच्या वर होता. मग गुडघ्यावर आला. आता गुडघा दिसत नव्हता.

वाकळ आखूड का झाली, ते त्यांना सांगता येत होतं. कापड आटतं, जगात सगळीकडे आटतं. पण अंगावरचं कापड वाढतं, असं कुठल्याही पेठेत त्यांनी ऐकलं नव्हतं.

पोर आजारी नव्हती. हसत होती, जेवत होती, पाढे म्हणत होती. अंगाने जशीच्या तशी. जणू कुणीतरी तीच पोर घेऊन थोडी लांब उभी केली होती.

५

रंजना पुन्हा आली. मग पुन्हा. दर वेळी तेच, "आखूड पडतीया." दर वेळी एक पट्टी.

तिसऱ्या वेळी गोकुळदासबाबांनी वाकळ दुकानात उलगडायला लावली. ती एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंत गेली. तिच्याखाली त्यांना स्वतःला निजता आलं असतं.

"रंजना, खरं सांग. कोण पांघरतं ही?"

"पोर."

"एवढं मोठं पोर?"

"वाढतंया जी!" तिचा चेहरा उजळला. असा उजेड त्यांनी बाळंतिणीच्या चेहऱ्यावर बघितला होता. "किती वर्सं झाली, वाढतच नव्हतं. आता वाढतंया. तुमच्या हाताला यश हाय."

पट्टी त्यांनी जोडून दिली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती अशी हात जोडून उभी होती की हात पट्टीकडेच गेला.

मुकादम निवृत्ती दोऱ्या न्यायला आला तेव्हा गोकुळदासबाबांनी चहा मागवला आणि इकडच्या तिकडच्या गप्पांत विषय काढला. "ती रंजना रे. पोर केवढं तिचं?"

निवृत्तीने बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसला.

"हाय म्हंत्यात," तो म्हणाला.

"म्हणतात म्हणजे? तू मुकादम ना?"

"खोपीत असतंय, शेट. कवाबी जावा, निजल्यालं. मागल्या खाणीवरबी निजल्यालंच हुतं. बाया म्हंत्यात, रात्री कूस बदलल्याला आवाज येतोय. आमची पोरं तिच्या खोपीकडं चेंडू गेला तर आणाय जात न्हाईत."

"तू बघितलंस कधी?"

"एकदा. बाजूनं जाताना गोणपाट उडालं वाऱ्यानं. पाय दिसलं." त्याने बशी ठेवली. चहा तसाच होता. "सगळ्यांचं पाय हितं लाल असत्यात, शेट. माझं बघा. त्याचं पांढरंफेक हुतं. कवा जमिनीला लागल्यालंच न्हाईत असं."

६

गोदामाच्या कोपऱ्यात वाकळींच्या पोटात घालायला ठेवलेले जुने कपडे होते. त्यांत सिद्धीचा गेल्या वर्षीचा निळा फ्रॉक. चवथीच्या आधीच तो इतका घट्ट झाला होता की बटण लागेना, काखेत उसवला होता.

त्या संध्याकाळी सिद्धीने तो शोधून काढला आणि घालून नाचत बाहेर आली. "आई, बटण लाव!"

भाग्यलक्ष्मी हसत वाकली. बटण काजात गेलं. सहज गेलं. मग तिने दुसरं लावलं, आणि तिचे हात तिथेच थांबले. तिने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

सिद्धी गिरकी घेत अंगणात गेली. निळा घेर गुडघ्याखाली झुलत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," भाग्यलक्ष्मी म्हणाली. आवाज अगदी खालचा.

"मला वाटलं, माझी नजर..."

"पेडण्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तुमची नजर चुकत नाही म्हणून! मला का नाही बोललात?"

बोललं की खरं होईल असं वाटलं होतं, एवढंच.

तिने शेवंतीमावशीला बोलावून घेतलं. म्हातारी दारातच बसली, आत येईना. अंगणात खेळणाऱ्या सिद्धीकडे बघून तिने पदर तोंडाला लावला.

"मावशे, काय करायचं असतं?"

"म्हाका खरंच खबर ना गो, बाये. आजी करू नये एवढंच म्हणायची. केलं तर काय करायचं, ते तिने सांगितलं नाही. तिच्या वेळी कोणी केलं नसेल." मग थोडं थांबून म्हणाली, "जोडलेलं आहे ते उसवून काढ, गोकुळा. टाका टाका करून उसव. घाईने नको."

"उद्या ती वाकळ घेऊन या," भाग्यलक्ष्मी नवऱ्याला म्हणाली.

"दिलेलं दान परत मागू?"

"मागा. पाया पडून मागा. ही अशी किती दिवस राहील माझी? पाळण्यात मावेल तोवर बघत बसू?"

७

दुसऱ्या दिवशी ते स्कूटर घेऊन मोप्याच्या सड्यावर गेले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. भीती वाटू नये म्हणून मुद्दाम ती वेळ निवडली होती. पाठीमागे नवी, चांगली जाड वाकळ बांधली होती, बदली द्यायला. खिशात कातर.

खाणीत कुदळी पडत होत्या. धप्, धप्. खालून रंजनाने त्यांना ओळखलं, डोक्यावरचा चिरा सावरत हसली.

"जावा की, बघा पोराला! पर उठवू नका जी."

खोपी रांगेने होत्या. तिची शेवटची, इतरांपासून जरा सुटी. दाराला गोणपाट. पत्रा उन्हाने तडकत होता, टण्, टण्. गोकुळदासबाबांनी खाकरून आवाज दिला आणि गोणपाट बाजूला केलं.

बाहेरच्या उन्हातून आत काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागलं. मडकं, तवा, दोरीवरचं लुगडं, सगळ्यावर लाल धूळ. धूळ नव्हती ती फक्त वाकळीवर. ती या कुडापासून त्या कुडापर्यंत अंथरलेली, आणि तिच्याखाली कुणीतरी होतं. डोक्यावरून घेतलेलं. लांबच्या लांब.

आणि एवढ्या पट्ट्या जोडूनही वाकळ आखूड पडली होती. पाय बाहेर आले होते.

पाय मोठे असतील अशी त्यांच्या मनाची तयारी होती. ते मोठे नव्हते. लहान, गोरे, तळवे गुलाबी. डाव्या टाचेवर कोयरीसारखा डाग.

पोर घरी आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. मी निघालो तेव्हा ती पाटी पुसत होती. डाग काय, कुणालाही असतो. हे ते मनात म्हणत होते, आणि त्यांचा हात मात्र रोज पहाटे जे करायचा ते करत होता. ते वाकले, वाकळीचा काठ धरला, आणि पायांवर ओढून घेतला.

वाकळीखालून आवाज आला, "हं."

लहानसा. पोट भरल्यासारखा.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते नीट ठरवून केलं नाही. वाकळ घ्यायची आणि निघायचं, एवढंच डोक्यात. त्यांनी ती ओढली. पलीकडचं टोक कुणीतरी धरलं होतं. माल सोडवत नसलेलं गिऱ्हाईक ताग्याचं दुसरं टोक धरतं, तसं. जोर न लावता, पण घट्ट. त्यांनी सोडली. गुडघ्यांवर बसले, कातर काढली, आणि केशरी पट्टीचे टाके टोकाने उसवू लागले. एक टाका. दुसरा. बोटं घामाने घसरत होती.

तेवढ्यात वाकळ मध्ये उंच व्हायला लागली.

फार सावकाश. खूप दिवस निजून राहिलेलं माणूस उठून बसताना आधी कमरेतून वाकतं, तशी. उंचवटा त्यांच्या खांद्यापर्यंत आला, त्याहून वर आला. वाकळीचं डोक्याकडचं टोक घसरू लागलं. केसांचा मधला भांग दिसला, आणि त्याच्याखाली कपाळाची सुरुवात.

गोकुळदासबाबांनी कातर टाकली, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि फाडली. टर्र. दुसरी. टर्र. तिसरी. प्रत्येक आवाजाबरोबर तो उंचवटा खाली बसत गेला, आणि खाणीतल्या कुदळी थांबल्या. सगळ्या सड्यावर फक्त वारा.

वाकळीखाली आता काय उरलं होतं, ते बघायला ते थांबले नाहीत. पट्ट्या मुठीत धरून बाहेर पडले. नवी वाकळ दारातच पडली.

८

घरी पोचले तेव्हा भाग्यलक्ष्मी दारात उभी होती, रडत आणि हसत. तिने आत बोट दाखवलं.

सिद्धी जनेलापाशी उभी होती. हात वर, बोटं कडीवर. स्टूल भिंतीशी उलटं करून ठेवलेलं. शेवग्याच्या शेंगेसारखी उंच.

"दुपारी एकदम," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "पाटी पुसता पुसता आडवी झाली, डोळा लागला. उठली ती अशी. आहे ना बरोबर? बघा ना, बरोबर आहे ना?"

गोकुळदासबाबांनी बघितलं. डोक्यापासून टाचेपर्यंत. माप बरोबर होतं. सुताचाही फरक नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तिथेच खाली बसले.

पट्ट्या त्यांनी न्हाणीच्या चुलीत जाळल्या. भाग्यलक्ष्मीने शिरा केला. पोर बोलत नव्हती. घसा धरला असेल म्हणून तिला हळदीचं दूध दिलं. ते तिने दोन्ही हातांनी पेला धरून, थेंब न ठेवता प्यायलं. पेला खाली ठेवल्यावरही तिचे हात तसेच धरलेले राहिले, थोडा वेळ.

पहाटे गोकुळदासबाब उठले. पाय चादरीबाहेर आले होते. त्यांचे डोळे भरून आले. चादर ओढून त्यांनी पाय झाकले आणि वाट बघत उभे राहिले.

गाढ झोपलीय, शेवटी त्यांनी मनाशी म्हटलं, आणि दुकान उघडायला गेले. त्या दिवशी कृष्णनाथला गोऱ्याच्या लुंगीची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली.

९

बाजाराच्या दिवशी रंजना आली. डोक्यावर वाकळ नव्हती. हातात त्यांची कातर होती, ती तिने पुसून गादीवर ठेवली.

"तुम्ही इसरला हुता जी."

गोकुळदासबाबांना वाटलं, आता ही भांडेल. ते उठून उभे राहिले. पण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा फुललेला.

"आता वाकळ पुरतीया, शेटजी! पोर जागं झालं. माझं पोर जागं झालं. उठून बसतंया, भाकर खातंया. जरा बारकं झालंय, अगदीच बारकं. पर असू दे, वाढंल की परत." तिने पदराने डोळे पुसले. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "एकच हाय. लई रडतंया. रातभर. आणि तुमच्या बोलीत कायतरी म्हणतंया, मला कळंना. आमच्यातल्या कुणालाच कळंना. म्हणून आले इचारायला."

"काय म्हणतं?" गोकुळदासबाबांनी विचारलं.

रंजनाने आठवून, एकेक शब्द जपून उच्चारला, दुसऱ्याची वस्तू हातात धरावी तसा. "पप्पा. पांय. धांप." मग म्हणाली, "सारखं तेच. धांप म्हंजी काय वो, शेटजी?"

गोकुळदासबाबांनी गादीवर हात टेकला. मागच्या खोलीचा पडदा हलला. सिद्धी दारात उभी होती, गणवेशाचा काठ गुडघ्याच्या वर, जिथे असायला हवा तिथेच. ती रंजनाकडे बघत होती. मग तिने नजर त्यांच्याकडे वळवली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"व्हय," ती म्हणाली. "धांप म्हंजी काय, पप्पा?"